डीव्हीडी की ब्ल्यू-रे? आधी रीळ कुठलं ते विचारा

कोल्हापुरात जुन्या सिनेमाचा विषय निघाला की तो बाबूराव पेंटरांपासून सुरू होतो, प्रभातवरून फिरतो आणि भालजी पेंढारकरांपाशी येऊन ठेपतो. हल्ली मात्र या गप्पांच्या शेवटी कुणीतरी एक व्यवहाराचा प्रश्न विचारतोच. हे सिनेमे घरात असावेत असं वाटतं, पण घ्यायचे कशावर? जुन्या डीव्हीडी शोधत हिंडायचं की ब्ल्यू-रे निघायची वाट बघायची? कपाटातला व्हीसीडींचा गठ्ठा ठेवायचा की भंगारात घालायचा?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. डिस्कवर कोणतं नाव छापलंय याला दुय्यम महत्त्व आहे. ती डिस्क कोणत्या रिळावरून, कुणी आणि किती काळजीने काढली, हे पहिलं विचारायचं. ते रीळच खराब असेल तर ब्ल्यू-रेचा खर्च वाया गेला समजा. आणि चांगल्या रिळावरून, जाणत्या हाताने केलेली साधी डीव्हीडी मिळाली, तर ती जन्मभर पुरते.

आकडे डोळ्यांसमोर असलेले बरे. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० गुणिले ५७६, तर ब्ल्यू-रेचं १९२० गुणिले १०८०. म्हणजे व्हीसीडीच्या चौपट डीव्हीडी आणि डीव्हीडीच्या पाचपट ब्ल्यू-रे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. ब्ल्यू-रेत हेच २५ आणि ५०. जागा जास्त म्हणजे चित्र कमी दाबावं लागतं. अंधाऱ्या प्रसंगात डीव्हीडीवर जे चौकोनी ठोकळे दिसतात, ते ब्ल्यू-रेवर सहसा दिसत नाहीत.

एवढं ऐकून कुणीही म्हणेल, मग विचार कसला करायचा, ब्ल्यू-रेच घ्या. नव्या सिनेमाच्या बाबतीत ते खरंही आहे. जुन्या सिनेमाची वाट मात्र लांबची असते. मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली प्रिंट, ती गावोगावच्या टॉकीजमध्ये झिजल्यावर उरलेली प्रिंट, तिच्यावरून दूरदर्शनसाठी किंवा व्हिडिओ कंपनीसाठी उतरवलेली टेप आणि त्या टेपवरून निघालेली डिस्क. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या सिनेमांच्या डिस्क या शेवटच्या पायरीवरून निघाल्या आहेत. टेपमध्येच चित्राच्या रेषा मोजक्या. तीच टेप फुगवून कुणी ब्ल्यू-रे म्हणून विकली, तरी आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

याउलट मुळापर्यंत जाऊन काम केलं की काय घडतं, याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा दाखला सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा आहे. ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपुर संसार’ यांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. जे उरलं ते जळकं, आक्रसलेलं, ठिसूळ. ते कुणी टाकून दिलं नाही. अमेरिकेतल्या चित्रपट अकादमीच्या संग्रहालयाने ते तसंच सांभाळलं. वीस वर्षांनी क्रायटेरियन कंपनीच्या पुढाकाराने इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञांनी त्या पट्ट्या ओलावा देऊन मऊ केल्या, तुटलेली भोकं हाताने जोडली, वितळलेली चिकटपट्टी खरवडून काढली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग थेट त्या मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपुर संसार’ची वाचलेली रिळं मात्र कामाच्या पलीकडे गेली होती. ती उणीव जगभरच्या चांगल्या प्रतींवरून भरून काढावी लागली. २०१५ मध्ये हा संच ब्ल्यू-रेवर आला.

या तीन सिनेमांच्या जुन्या डीव्हीडी मी अनेक वर्षं पाहत होतो. नव्या ब्ल्यू-रेवर ‘पथेर पांचाली’तले दुर्गा आणि अपू काशाच्या फुलांतून आगगाडी बघायला धावतात तो प्रसंग पाहिला, तेव्हा जुन्या डिस्कवर जो नुसता पांढरा लोट दिसायचा, त्यात एकेक तुरा वेगळा डोलताना दिसला. असा संच विकत घेण्याजोगा असतो, आणि महाग असला तरी घ्यावा. फक्त एक पाहून घ्या, डिस्क आपल्या विभागाच्या प्लेअरवर चालते ना. क्रायटेरियनची अमेरिकन ब्ल्यू-रे ‘ए’ विभागाची आहे आणि भारत ‘सी’ विभागात येतो. डीव्हीडीच्या हिशेबात आपला विभाग पाचवा. सगळे विभाग चालवणारा प्लेअर घरात नसेल, तर हजारो रुपयांचा संच नुसता शोभेला राहील. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कवर विभागाचं हे बंधन नसतं.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, आणि पैशाच्या बाजूने सीताराम कुलकर्णी. ज्या बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून स्वतःचा कॅमेरा बनवला, त्यांच्या तालमीतली ही माणसं. बाबूरावांच्या कंपनीला सुरुवातीचं भांडवल गायिका तानीबाई कागलकरांनी दिलं होतं, हेही कोल्हापूरने विसरू नये. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, ते या सगळ्या खटाटोपाचं.

प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. पहिला मराठी बोलपट म्हणून आपण त्याचं नाव घेतो आणि तो कोल्हापुरात तयार झाला. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. मग ‘धर्मात्मा’, ‘संत तुकाराम’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ हे संतपट आले आणि शांतारामबापूंचे ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे तीन सामाजिक सिनेमे. १९३५ ते १९४१ या सहा-सात वर्षांतला हा ऐवज आहे. जगात कुठल्याही भाषेत एवढं काम झालं असतं, तर त्याचे पेटीबंद संच निघाले असते, सोबत पुस्तिका आल्या असत्या, जाणकारांची भाष्यं ध्वनिमुद्रित झाली असती.

आपल्याकडे प्रभातच्या गाजलेल्या बोलपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी निघाल्या, ही त्या काळात मोठीच सोय झाली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा तर सिनेमा भाजीच्या भावात घरी येऊ लागला. राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत, महाद्वार रोडला सीडीची दुकानं होती. पण या स्वस्ताईत कुणी मूळ रिळापर्यंत गेलं नाही. पुढे डिस्कचा बाजारच बसला आणि प्रभातची अधिकृत ब्ल्यू-रे काही माझ्या पाहण्यात आली नाही. तेव्हा या सिनेमांपुरता ‘डीव्हीडी की ब्ल्यू-रे’ हा प्रश्न आज तरी निकालात निघालेला आहे. डीव्हीडी मिळत असेल तर ती घ्या. वाट पाहत बसाल तर तीही हातची जाईल.

घेताना काय बघायचं, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी भाषा बघा. प्रभात बरेच सिनेमे दोन भाषांत वेगवेगळे चित्रित करत असे. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. इथे आवाज बदलून काम भागवलेलं नाही. कॅमेऱ्यासमोर तो प्रसंग दुसऱ्यांदा उभा राहिला आहे, काही ठिकाणी नटही बदलले आहेत. कव्हरवर मराठी नाव आणि आत हिंदी सिनेमा, असं होऊ शकतं. ज्याला या सिनेमांचा खरा अभ्यास करायचा आहे, त्याने दोन्ही भाषा जवळ ठेवाव्यात.

मग वेळ बघा. ‘संत तुकाराम’ १३१ मिनिटांचा आहे. तुमच्या डीव्हीडीवर तो १२६ मिनिटांत संपला, तर पाच मिनिटं कापली असं लगेच समजू नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि पाल डीव्हीडी २५ चित्रांनी. त्यामुळे सगळा सिनेमा चार टक्के भरभर पळतो. डोळ्याला ते कळत नाही, पण कानाला कळतं. हार्मोनियमच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या सुमारे ७० टक्के सूर वर चढतो. पांढरी एकचं गाणं काळी एकच्या वाटेवर जाऊन मध्येच लोंबकळतं. केशवराव भोळ्यांनी लावलेली चाल आणि विष्णुपंत पागनीसांचा आवाज अशा चढ्या पट्टीत ऐकला, तर पागनीस थोडे कोवळे वाटतात. ‘अयोध्येचा राजा’चं संगीत गोविंदराव टेंब्यांचं. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा हा माणूस, हार्मोनियमवर सबंध महाराष्ट्र डोलवणारा. त्याचा सूर पट्टीबाहेर ऐकणं मला सोसत नाही. ब्ल्यू-रेवर सिनेमा त्याच्या मूळच्या २४ चित्रांनी चालू शकतो, हा जुन्या संगीतप्रधान सिनेमांच्या बाबतीत तिचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण आहे. ठिपक्यांच्या संख्येहूनही मोलाचा. संगणकावर पाहणाऱ्यांनी प्लेअरमध्ये वेग ९६ टक्क्यांवर आणावा, आणि वेग बदलला तरी पट्टी कायम ठेवण्याची सोय बंद करावी. सूर जागेवर येतो.

यानंतर चौकट. त्या काळचा पडदा जवळजवळ चौकोनी होता. आजच्या लांबट टीव्हीवर तो सिनेमा दाखवला, तर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहणारच, आणि राहिल्याच पाहिजेत. पट्ट्या नकोत म्हणून कुणी चित्र ताणतं, मग सगळी माणसं आडवी होतात. कुणी वरून-खालून कापतं, मग फत्तेलालांनी जीव ओतून उभारलेली कमान जाते आणि नटाच्या कपाळाचा टिळाही जातो. टीव्हीच्या रिमोटवर चौकट बदलायचं बटण असतं, ते ‘४:३’ वर आणून ठेवा. ब्ल्यू-रे असली आणि चित्र सगळ्या पडद्यावर पसरलेलं असलं, तर ती डिस्क परत करावी.

चौथी खूण थोड्या सवयीने कळते. फिल्मवर चांदीचे कण असतात, त्यामुळे खऱ्या चित्रात बारीक वाळू हलल्यासारखं दिसतं. सफाई करणारा घाईत असला की संगणकाकडून हे कण पुसून टाकतो. चित्र गुळगुळीत होतं, ओरखडे जातात, आणि त्यासोबत चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, नऊवारीच्या काठाची वीण, दाढीचे खुंट सगळंच जातं. मेणाचे पुतळे बोलायला लागतात. टाळ वाजवणाऱ्या हातांवर चित्र थांबवून बघा. बोटांच्या कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या, तर डिस्क टेपवरून निघाली असण्याचा संभव मोठा. बोटं पुसट असली तरी सलग दिसली आणि मागची भिंत जिवंत वाटली, तर काम बरं झालं आहे. मला विचाराल तर ओरखडे असलेली पण कण शाबूत असलेली डीव्हीडी मी केव्हाही पसंत करेन.

आवाजाच्या बाबतीत ‘कुंकू’ हा कसोटीचा दगड. त्यात पार्श्वसंगीत नाही. शांतारामबापूंनी घरातले, रस्त्यावरचे आवाजच वापरले आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला जवळजवळ एक भूमिका दिली. शांता आपटे गप्प उभ्या असतात तेव्हा त्या शांततेत जे ऐकू येतं, तोच सिनेमा आहे. जुन्या ध्वनिपट्टीवर खरखर असते. ती पार काढून टाकली की टिकटिकही बोथट होते. खरखर राहू द्या, कान दहा मिनिटांत सरावतात.

भालजी पेंढारकरांच्या सिनेमांचं दुखणं वेगळं आहे. ‘छत्रपती शिवाजी’, ‘पावनखिंड’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’ ही शिवकाळाची माळ कोल्हापूरच्या तीन पिढ्यांनी टॉकीजमध्ये, गणेशोत्सवात, मग कॅसेटवर आणि व्हीसीडीवर पाहिली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि ते पुन्हा उभे राहिले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच जयप्रभाच्या जागेच्या विक्रीची बातमी २०२२ मध्ये आली, तेव्हा कोल्हापूरकर उपोषणाला बसले. ते योग्यच होतं. पण ज्या सिनेमांमुळे ती वास्तू मोठी झाली, त्यांच्या निगेटिव्ह कुठे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, त्यांचं नव्याने स्कॅनिंग कोण करणार, हे त्या गर्दीत फारसं कुणी विचारलं नाही. मला हे लागतं. भिंती पुन्हा बांधता येतात, निगेटिव्ह पुन्हा बांधता येत नाही.

हे उगाच म्हणत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली. सहाशेच्या वर सिनेमांची पाच हजारांवर रिळं गेली. १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमा नायट्रेटच्या फिल्मवर निघायचा आणि नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं. त्यानंतरची ॲसिटेटची फिल्म सहजी पेट घेत नाही, पण दमट हवेत कुजते आणि डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास येतो. एकदा सुरू झालेली ही कूज परतत नाही, थंड कोरड्या जागेत फक्त लांबवता येते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर फिल्मचं काय होत असेल, ते सांगायला नको. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’, ज्याचं नाव घेतल्याशिवाय भारतीय वास्तववादी सिनेमाचा इतिहास सुरू होत नाही, तो आज आपल्याला कुठल्याच डिस्कवर बघता येत नाही. रीळच उरलं नाही, तर डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे दोन्ही सारख्याच.

म्हणून घरात जे आहे ते सांभाळा. व्हीसीडीची माहिती छापील बाजूच्या लगेच खाली असते, त्यामुळे कव्हरच्या बाजूचा ओरखडा तिला संपवतो. डीव्हीडीत ती दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असते, म्हणून ती जरा दणकट. ब्ल्यू-रेत वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत, म्हणून तिच्यावर कडक लेप दिलेला असतो. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका, उन्हात ठेवू नका, पुसताना मधून कडेकडे पुसा. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगद्रव्याचा थर काही वर्षांत उडतो, त्यांची नक्कल हार्ड डिस्कवर आजच करून ठेवा. प्लेअर घ्यायचा तर ब्ल्यू-रेचाच घ्या, त्यावर डीव्हीडीही चालते. सॅमसंगने असे प्लेअर आणणं २०१९ मध्येच थांबवलं, तेव्हा बरा प्लेअर दिसला तर फार दिवस ढकलू नका.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, सगळं मोबाइलवर असतं. असतं, जोपर्यंत ते तिथे ठेवणाऱ्याला परवडतं तोपर्यंत. हक्क संपले की सिनेमा एका रात्रीत नाहीसा होतो. चॅनेलचा शिक्का मारलेली, गाणी कापलेली, ताणलेली प्रत हाच आपल्या नातवंडांचा ‘संत तुकाराम’ ठरावा, हे मला पटत नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ज्याची जगाने दखल घेतली, तो हा सिनेमा आहे.

कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, चित्रपट महामंडळाचं कार्यालय आहे, चित्रनगरी आहे. या मंडळींनी एकत्र येऊन कोल्हापुरात घडलेल्या सिनेमांपैकी निदान पाच निवडावेत, त्यांचं उपलब्ध असलेलं सर्वांत चांगलं रीळ कुठे आहे ते शोधावं, पुण्याच्या संग्रहालयाच्या मदतीने त्याचं फोर-के स्कॅनिंग करून घ्यावं आणि एक नीट ब्ल्यू-रे संच काढावा. मराठी वाचक अनेक खंडांच्या ग्रंथमाला आगाऊ पैसे भरून घेतो. तो अशा संचासाठीही नोंदणी करेल, याबद्दल मला शंका नाही.

आणि शेवटचं, ज्यांची आधीची पिढी सिनेमाच्या धंद्यात होती अशा घरांसाठी. कॅमेरामन, वितरक, टॉकीजचे मालक, ऑपरेटर, तंबूवाले, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात अशी घरं कमी नाहीत. माळ्यावर गंजका पत्र्याचा डबा असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. घरी उलगडायला, पंख्याखाली वाळवायला किंवा बल्बसमोर धरायला जाऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. त्याच संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी दादासाहेब फाळक्यांच्या घरच्यांकडून अशीच रिळं मिळवली, म्हणून फाळके आज आपल्याला पडद्यावर दिसतात. १९२० नंतरच्या कोल्हापूरचं एखादं हरवलेलं रीळ सापडायचं असेल, तर ते अशाच एखाद्या घरात सापडेल. दिवाळीची साफसफाई झाली असेल, तरी माळा एकदा पुन्हा बघा.